परक्या मास्तरांचा रविवार

उन्हाळ्याची सुटी लागली, की आम्हां मास्तरांना एक ठरावीक वाक्य ऐकावे लागते : "तुमचे काय बुवा, मजा आहे!" परवा चाळीसगाव स्टेशनावर धुळ्याच्या गाडीची वाट पाहत असताना एका सद्‌गृहस्थाने ते मला ऐकवले. तेवढ्यात गाडी आली आणि उत्तर राहून गेले. ते आता देतो.

मी मूळचा सातारकडचा. चाळीसगाव तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर आहे. गाव मला अजून 'बाहेरगावचे गुरुजी' म्हणते. गेल्या वैशाखातल्या एकाच रविवारचा हिशेब पाहा.

सकाळी सहाला मतदारयादी घेऊन निघालो. वारलेल्यांची नावे काढायची, सासरी गेलेल्या मुलींची कमी करायची. आखाजी नुकतीच झाली होती. सालदारांची साले बदलली होती, आणि दोन बिऱ्हाडे दुसऱ्या गावी निघाली होती. त्यांच्या पोरांच्या दाखल्यांसाठी शाळा उघडली. मग तांड्यावर गेलो. ऊसतोडीहून परतलेल्यांची मुले पुन्हा पटावर आणायची, तर आईबापांना आताच गाठायला हवे. भर उन्हात दोन लग्ने झाली. वरण-बट्टी न खाता उठलो असतो, तर गाव वर्षभर रुसले असते. रात्री ही सारी माहिती मोबाइलवर भरायची, म्हणून रेंज शोधत धाब्यावर चढलो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाला शिकवण्याखेरीज इतर कामे लावण्यास मनाई केली आहे. अपवाद फक्त जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांचे. दारे तीनच ठेवली खरी, पण निवडणुकीच्या दारातून हत्तीसुद्धा आत येतो!

असो. घामाची तक्रार मी करीत नाही. शेतात राबणाऱ्या माणसांपुढे ती शोभणारही नाही. माझी तक्रार निराळी आहे.

त्या दिवशी यादी घेऊन एका अंगणात शिरलो. माझ्याच वर्गातली एक मुलगी कैऱ्यांच्या पाच-पाचाच्या राशी लावीत बसली होती. वर्षभर ती वर्गात तोंड उघडीत नव्हती. मी तिच्या नावापुढे 'अप्रगत' असा शेरा मारून मोकळा झालो होतो. मला पाहून ती म्हणाली, "गुरजी, आठे बठा." मी बसलो. राशी किती, कैऱ्या किती, त्यांतल्या डागी किती, विकून पैसे किती, हे तिने मला घडाघडा सांगितले. एक रास मी चुकीची मोजली, तीही तिने दुरुस्त केली. सारे अहिराणीत!

मग मला जून महिना आठवला. वजाबाकी शिकवताना हीच पोर "काबर?" म्हणाली होती. मला ते उद्धट वाटले. "नीट बोल," म्हणून दरडावले. 'काबर' म्हणजे 'का'. वर्गात 'का' विचारणारे पहिले मूल मी गप्प केले, आणि वर शेरा मारला तोही त्याच्यावरच!

दोष माझा आहेच. पण मला इथे पाठवणाऱ्यांनी तरी काय केले? डी.एड.च्या दोन वर्षांत बालमानसशास्त्र झाले, फलकलेखन झाले. ज्या बोलीत ही मुले रडतात, भांडतात आणि कैऱ्या मोजतात, तिचा एक तासही झाला नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे अठरा लाखांहून अधिक होते. मातृभाषेतून शिकवावे, असे तोच कायदा सांगतो. मात्र पुढे 'शक्य तेथवर' अशी पळवाटही ठेवतो. तांड्यावरच्या मुलांची गोरमाटी तर कोणाच्या गावीही नाही.

आमच्याच तालुक्यात, पाटणादेवीच्या डोंगराखाली, १२०७ सालचा शिलालेख सापडला. भाऊ दाजींनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला, त्याची ही नोंद. लेखातली स्तुती संस्कृतात आहे. पण मठाला धान्य किती, तेल किती द्यायचे, हा लोकांशी करायचा व्यवहार आला, की लेख मराठीत उतरतो. ज्याच्याशी व्यवहार, त्याची भाषा! यादवकाळी जे कळत होते, ते आमच्या खात्याला कळू नये?

"अहिराणीत शिकवून पोरे मागे ठेवता काय?" असे विचारणारे भेटतातच. नाही हो. पुस्तक मराठीच राहू द्या. पण पहिली दोन वर्षे मुलाच्या शब्दाचा हात धरून त्याला पुस्तकापर्यंत नेऊ द्या. बाहेरून येणाऱ्या शिक्षकाला वर्गावर उभे करण्याआधी दोन महिने इथली बोली शिकवा. त्यासाठी नवी इमारत नको. गावातली एखादी आजी आणि एक ओटा पुरे. आणि त्याचे रविवार याद्यांना न देता अशा ओट्यांना द्या.

कारण त्या रविवारी मी खरे मास्तरकीचे काम केले ते अंगणात, अर्धा तास. आणि खात्याच्या एकाही रकान्यात त्याला जागा नव्हती. शेरा मी खोडला आहे. पण ज्या मुलांच्या अंगणात मला यादी घेऊन जायची वेळ आली नाही, त्यांचे शेरे कोण खोडणार?