आज मला ‘प्रॉब्लेम’ आहे

मागच्या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. शेजारच्या मावशींना बोलावायला गेले, तर दारातूनच हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘यायला जमत नाही माय, प्रॉब्लेम आहे.’’ मी मान डोलावली आणि परत आले. कुठला प्रॉब्लेम, हे आपल्याकडे विचारावं लागत नाही.

शब्द इंग्रजी, पण आता अगदी घरचा झालाय. आमच्या परभणीत कुठल्याही घरी दिवसभर कान देऊन ऐका. पोरीला गणितातला प्रॉब्लेम सुटत नाही. बोअरच्या मोटारीत प्रॉब्लेम आहे, म्हणून पाणी नाही. अमक्या नवरा-बायकोत प्रॉब्लेम आहे. ‘तिला प्रॉब्लेम आहे’ म्हणजे मूल होत नाही (तिलाच बरं का, त्याला कधी नसतो!). ‘मला काही प्रॉब्लेम नाही’ म्हणजे चालेल. आणि ‘आज मला प्रॉब्लेम आहे’ म्हणजे पाळी आली.

हा शब्द मूळचा ग्रीक. अर्थ, ‘पुढ्यात टाकलेली गोष्ट’. आपण बायकांनी मात्र तो नेमका लपवायच्या कामी लावला. आईच्या पिढीत कावळा शिवायचा, बाई बाजूला बसायची, अडचण असायची. आम्ही शाळेत गेलो, तेव्हा सरांकडे सुट्टी मागायला प्रॉब्लेम सोयीचा वाटला, जरा शिकलेलाही वाटला. कापड नवं आलं, पडदा तोच राहिला. खरं तर पाळी किती साधा शब्द! शेतात कुळवाची पाळी, नळावर पाण्याची पाळी. पण आपल्यावर आली की जीभ अडखळते.

मावशींचं पुढे काय झालं ते सांगते. त्यांची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. आता पुन्हा तीन महिन्यांपासून अधूनमधून अंगावरून लाल जात होतं. घरात सगळ्यांना ‘प्रॉब्लेम’ माहीत होता. देवाला शिवायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, एवढं तो शब्द बरोबर सांगत होता. यांना दवाखान्यात न्या, हे तेवढं सांगत नव्हता. शेवटी सुनेला शंका आली, ती घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘काय प्रॉब्लेम?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘तोच की, प्रॉब्लेम.’’ मग सुनेनेच सगळं नीट सांगितलं. वेळेत उपचार झाले, मावशी आता बऱ्या आहेत. मला लागलं ते एवढंच, की त्यांचं वय मला ठाऊक होतं आणि तरी मी नुसती मान डोलावली.

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त गेलं, एकदाच आणि थोडंसं असलं तरी, डॉक्टरांना दाखवायलाच हवं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण कधी कधी ते कॅन्सरचं पहिलं लक्षण असतं.

न बोलण्याचं ओझं गरीब बाईवर जास्त पडतं. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या अहवालात ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. खाड्याची भीती, गरिबी ही कारणं होतीच. पण ‘पिशवीत प्रॉब्लेम आहे’ असं ऐकल्यावर ‘म्हणजे नेमकं काय? दुसरा इलाज नाही का?’ असं विचारायची सवय आपल्यापैकी कितीजणींना आहे?

सातशे वर्षांपूर्वी संत सोयराबाईंनी देहाच्या विटाळावर अभंगातून उघड प्रश्न केला. आपण निदान डॉक्टरांपुढे आणि लेकीपुढे तरी स्पष्ट बोलू या. बारा वर्षांच्या पोरीला पहिल्याच महिन्यात ‘तुला प्रॉब्लेम आलाय’ असं सांगितलं, तर पुढे खरंच काही बिघडल्यावर तिनं कोणता शब्द वापरायचा?

मैत्रिणींनो, दर महिन्याला नेमानं येते ती पाळी. तिला पाळीच म्हणू या. प्रॉब्लेम हा शब्द खऱ्या प्रॉब्लेमसाठी राखून ठेवू या. आणि शेजारीण ‘प्रॉब्लेम आहे’ म्हणाली, तर मान डोलावण्याआधी एकदा विचारू या, ‘‘कसला गं?’’