दात्याचं पोतं आणि भुकेल्याचा बाजार

धर्मसंस्थांच्या मदतीबद्दल आपल्या क्षेत्रात एक तक्रार कायम कानावर येते. पैसे मागितले की दात्याचा हात आखडतो, धान्य मागितलं की ट्रक भरतो. श्रद्धेला पोतं दिसावं लागतं, त्याला इलाज नाही, असं आपण धरून चालतो. कॅनडातल्या मेनोनाइट शेतकऱ्यांची हकीकत वेगळं सांगते.

या ख्रिस्ती पंथाने भूक सोसलेली आहे. १९२१-२२च्या दुष्काळात युक्रेनमधल्या त्यांच्या वस्त्या उपाशी होत्या. उत्तर अमेरिकेतल्या पंथबांधवांनी स्थापलेल्या मेनोनाइट सेंट्रल कमिटीने तिथे अन्नछत्रं चालवली. पुढे हजारोंनी कॅनडा गाठला, अनेकांनी तिथे शेती धरली. १९७६मध्ये या कमिटीने कॅनडात धान्यपेढी काढली. १९८३मध्ये इतर चर्च सामील होऊन कॅनेडियन फूडग्रेन्स बँक झाली. गावकरी एकत्र येऊन एक शेत कसतात, कुणी बियाणं देतं, कुणी यंत्र, आणि पीक भुकेल्यांसाठी जातं. सरकारही त्यात भर घालतं.

पण सरकारी अट अशी होती, की अन्नमदतीचा ९० टक्के भाग कॅनडातच खरेदी व्हावा. भुकेल्या भागाच्या शेजारच्या जिल्ह्यात मका पडून असला तरी गहू समुद्र ओलांडून यायचा. भाडं वाढायचं, वेळ जायचा, आणि ऐन सुगीत जहाज लागलं तर तिथल्या शेतकऱ्याचा भाव पडण्याची भीती. ही अट काढा, असा आग्रह फूडग्रेन्स बँकेनेही धरला. म्हणजे तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या गहू पिकवणाऱ्यांच्याच मालाची सक्ती उठवा, असा! (आपल्याकडची एखादी बाजार समिती असं म्हणेल का?) २००५मध्ये अट ५० टक्क्यांवर आली, २००८मध्ये पूर्ण उठली. शेतं आजही पेरली जातात. पीक कॅनडातच विकलं जातं आणि मदत पैशाच्या रूपाने जाते.

दात्याची कापणी, प्रार्थना, सामूहिक श्रम यांतलं काही सुटलं नाही. फक्त पोतं सुटलं. आपल्या अन्नदानाच्या ट्रस्टांशी बोलताना आपण इथवर जातच नाही, भिडेपोटी किट स्वीकारून मोकळे होतो.

रोख रक्कम सगळीकडे चालते असंही नव्हे. रस्ते तुटलेले, दुकानं रिकामी, तिथे पैसे वाटले तर महागाईच वाढेल. तिथे धान्यच न्यावं लागतं. म्हणून पुढच्या पुरात किंवा दुष्काळात दात्याला फोन करण्याआधी तालुक्याच्या बाजारात चक्कर मारा. डाळ-तांदूळ किती शिल्लक आहे, भाव काय, माल पुन्हा कधी भरणार, हे दुकानदाराला विचारून लिहून घ्या, आणि तोच कागद विश्वस्तांपुढे ठेवा.