कळवळा पुरे, किंमत द्या

दिवाळीला पंधरा दिवस उरले की आपल्याकडे कुंभाराविषयीच्या कळवळ्याला भरती येते. मातीच्याच पणत्या लावा, परदेशी दिव्यांच्या माळा घेऊ नका, गरीब कुंभाराच्या घरीही दिवाळी होऊ द्या, असे निरोप घरोघर फिरू लागतात. ते पाठवणारी माणसे सुशिक्षित असतात, देशप्रेमी असतात आणि मनाने वाईट तर मुळीच नसतात. हीच माणसे संध्याकाळी गोकुळपेठेच्या नाहीतर सीताबर्डीच्या रस्त्याकडेला, पणत्यांच्या ढिगापुढे उकिडवी बसतात आणि ढिगामागच्या बाईला विचारतात, “तीस रुपये डझन? मातीचे तीस रुपये? वीसने दे!”

माझे भांडण या माणसांशी आहे. विजेच्या माळेने कुंभाराचे काही गिऱ्हाईक पळवले असेल, नाही असे नाही. परंतु त्याच्या कामाला ‘माती’ म्हणण्याचे पाप त्या माळेच्या माथी मारता येणार नाही. ते आपले घरचे आहे.

मातीचे कसले पैसे, असे ज्याला वाटते त्याने आश्विनात एकदा कुंभाराचे अंगण पाहून यावे. मी शिकवतो त्या शाळेच्या मागे अशी काही घरे आहेत, म्हणून मला ते रोज दिसते. तलावाचा गाळ येतो तो ढेकळांनी. तो वाळवायचा, कुटायचा, चाळायचा, भिजवायचा; त्यात राख नाहीतर घोड्याची लीद मिसळायची आणि लोण्यासारखा होईपर्यंत पायांनी तुडवायचा. चुनखडीचा एक खडा राहिला तरी भाजताना पणती फुटते. मग चाकावर मोठा गोळा चढवून त्याच्या शेंड्यातून एकामागून एक पणती उचलायची आणि दोऱ्याने कापून फळीवर मांडायची. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून विजेवर चालणारी चाके वाटली. त्यांनी खांद्याचे कष्ट वाचले, हे खरेच. पण विजेचे चाक पणती वाळवून देत नाही. ते काम उन्हाचे, आणि आमच्या नागपुरात परतीचा पाऊस केव्हा गाठील याचा नेम नाही. आधी सावलीत, मग उन्हात. घाई केली की चीर पडलीच. आभाळ भरून आले म्हणजे खाटा उभ्या करून निजायच्या जागी पणत्या मांडतात आणि माणसे ओसरीत भिंतीला टेकून रात्र काढतात. शेवटी आवा. गोवऱ्या, लाकूड, तणस, वर फुटक्या खापरांचे पांघरूण. रात्रभर तो धुमसतो, दुसऱ्या दिवशी निवतो, आणि आत काय पिकले नि काय फुटले ते उघडेपर्यंत कोणाला कळत नाही.

आता मास्तराच्या सवयीप्रमाणे एक गणित घालतो. यातले आकडे अशाच एका अंगणात बसून मांडलेले आहेत. घर बदलले तर थोडे बदलतील, उत्तराचा अर्थ बदलणार नाही. समजा, आव्यात दोन हजार पणत्या लावल्या. शंभरी दहा फुटल्या. उरल्या अठराशे, म्हणजे दीडशे डझन. तीस रुपयांप्रमाणे झाले ४,५०० रुपये. गाळ, गोवऱ्या, लाकूड आणि गाडीभाडे मिळून १,७०० वजा जाता हाती २,८००. नवरा, बायको आणि म्हातारा बाप यांचे मिळून बारा दिवसांचे काम, म्हणजे माणशी रोज २३३ रुपये. आता तुम्ही-आम्ही डझनामागे दहा रुपये कमी करवले. विक्री झाली ३,००० रुपये. लाकूडवाला काही कमी घेणार नाही, गाडीवालाही नाही. खर्च तोच १,७००. हाती राहिले १,३००, आणि रोज पडला १०८ रुपये.

पाहिलेत? आपल्याला वाटते, आपण किमतीचा तिसरा हिस्सा कमी केला. प्रत्यक्षात आपण त्या माणसाच्या मजुरीतला निम्म्याहून अधिक भाग कापून घरी आणला. घासाघीस मालावर होत नाही, माणसावर होते. कारण बाकी साऱ्यांचे पैसे आधीच चुकते झालेले असतात. त्या दहा रुपयांनी आपल्या घरात काय होते? करंजीतले खोबरेसुद्धा वाढत नाही.

यावर मला सांगतात, “अहो, तीही भाव चढवूनच सांगतात.” सांगतीलच! तुम्ही पाडून मागणार हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तीच पणती रंग देऊन, टिकल्या लावून काचेच्या दुकानात खोक्यात घालून ठेवली की छापलेली किंमत आपण मुकाट्याने देतो. म्हणजे घासाघीस हा आपला स्वभाव आहे, असेही नाही. समोरचा माणूस जमिनीवर बसला आहे की गल्ल्यामागे उभा आहे, एवढे पाहून आपण तो स्वभाव काढतो आणि झाकतो.

कलेच्या बाबतीतही हेच. आपल्या नागपुरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. तिथे चाकावर बसलेल्या माणसाभोवती आपण कौतुकाने कडे करतो, मुलांना उचलून दाखवतो आणि त्याला ‘कलावंत’ म्हणतो. शहरातल्या एखाद्या कलाशाळेत शिकलेल्याने कपाच्या बुडाशी सही केली, तर पाचशे रुपये देतो. आणि खुशाल द्यावेत, त्यानेही मेहनत केलेली असते. पण बिनसहीच्या हातांनी काय गुन्हा केला? जपानात मशिको नावाचे गाव आहे. स्वयंपाकघरातली साधी भांडी घडवणारे गाव. शोजी हामादा हा मोठा कुंभार तिथे जाऊन राहिला, त्या साध्या भांड्यांतून शिकला आणि आपल्या भांड्यांवर सही करीनासा झाला. १९५५ साली त्या देशाने त्याला राष्ट्राचा जिवंत ठेवा मानले. त्या गावात आजही वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, मोठा बाजार भरतो आणि दूरदूरची माणसे केवळ भांडी घ्यायला जातात. आपल्याकडे तर गोरोबाकाका संत झाले. तेरच्या त्या कुंभाराने थापटणे घेऊन संतमंडळीत कोण कच्चा नि कोण पक्का ते पारखले, ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. आज ते थापटणे आपल्या डोक्यावर पडले, तर किती मडकी पक्की निघतील?

वास्तविक कुंभारावाचून आपला एक सण पार पडत नाही. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर, पोळ्याला मातीचे बैल, भाद्रपदात चितार ओळीतून गणपती, मग मुलींची भुलाबाई, नवरात्राचा घट, लक्ष्मीपूजनाला बोळकी, संक्रांतीला सुगडी. आणि शेवटच्या प्रवासातले मडकेही त्याचेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध सूचना काढल्या, तेव्हापासून मातीचा गणपती महाग पडला तरी अनेक घरे तो समजून उमजून घेतात. म्हणजे पटले की आपण पैसे मोजतो. भाद्रपदात पटलेली गोष्ट आश्विनात का विसरावी?

हे सारे मला इतके का लागते, तेही सांगतो. सहामाही परीक्षा दिवाळीच्या तोंडावर येते आणि नेमकी तेव्हाच माझ्या वर्गातली कुंभारांची मुले गैरहजर राहू लागतात. गेल्या साली त्यांतल्या एका मुलाला मी सहज विचारले, “तुला चाक चालवता येते का रे?” त्याने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, “येते सर. पन कोनाले सांगू नका.”

मुलगा गणितात हुशार आहे. त्याने उद्या इंजिनिअर व्हावे, मला आनंदच आहे. पण हातात असलेली विद्या चोरीच्या मालासारखी लपवावी, असे त्याला का वाटले? आपल्या आईला भर रस्त्यात ‘मातीचे कसले पैसे’ म्हणून विचारणारी माणसे त्याने पाहिली आहेत. आव्यात पडलेली चीर डोळ्यांना दिसते. ही दिसत नाही.

म्हणून वाचकहो, या दिवाळीला कुंभारावर दया करू नका. पणती हातात घ्या, टिचकी मारा, नाद ऐका. बद्द वाजली तर बाजूला ठेवा आणि दुसरी मागा. तो तुमचा हक्क आहे आणि चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही. खणखणीत निघाली की सांगितलेली किंमत द्या. पुढल्या वर्षीच्या पणत्या हव्या असतील तर भाद्रपदातच जाऊन इसार देऊन या, म्हणजे गोवऱ्यांसाठी त्याला कर्ज काढावे लागणार नाही. आणि मूल बरोबर असेल तर त्याच्या देखत त्या बाईला ‘अहो’ म्हणा. त्याला तोंडाचे दहा शब्दही लागत नाहीत आणि खिशातला एक पैसाही.