मीठ सोडले; सोड्याचे काय?

रक्तदाब वाढला की घरातील ज्येष्ठांच्या ताटातून पापड आणि लोणचे प्रथम हद्दपार होते. भाजीतले मीठही निम्म्यावर येते. मात्र सकाळी झटपट ढोकळा आणि दुपारी चहाबरोबर खारी चालूच राहते. जिभेला खारट न लागणारे सोडियम या वाटेने पोटात जाते, आणि ते कोणाच्याच हिशेबात नसते.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. एक ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असते, तर एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७०. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात साधारण पाच ग्रॅम सोडा मावतो. म्हणजे सोडियम झाले सुमारे १,३०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसभराची मर्यादा २,००० मिलिग्रॅमची आहे. एवढा सोडा घातलेला ढोकळा चौघांनी वाटून खाल्ला, तरी मीठ मोजण्यापूर्वीच प्रत्येकाच्या वाट्याला तीनशेहून अधिक मिलिग्रॅम सोडियम येते. पापडखार आणि फ्रूट सॉल्ट यांतही सोडियमचेच क्षार असतात.

मग बेकिंग पावडर बरी काय? तिच्यात सोडा, कोरडे आम्ल आणि मक्याचे पीठ असते. चमच्यामागे सोडियम कमी असले, तरी तेवढाच फुगवटा येण्यासाठी ती सोड्याच्या सुमारे तिप्पट लागते. शिवाय तिच्यातील आम्ल बहुधा फॉस्फेटचे असते. असे फॉस्फेट शरीरात सहज शोषले जाते. मूत्रपिंड अशक्त असेल, तर ते बाहेर टाकणे कठीण होते.

बिस्किटांत वापरले जाणारे अमोनियम बायकार्बोनेट भाजताना वायुरूप होऊन निघून जाते. ते मागे सोडियम ठेवत नाही. परंतु जाड केकमध्ये अमोनियाचा वास अडकून राहतो, म्हणून त्याचा उपयोग पातळ, कोरड्या पदार्थांपुरताच. पोटॅशियम बायकार्बोनेटातही सोडियम नसते. तथापि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ते वापरू नये. त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडू शकते.

पुडक्यावरील घटकांची यादी वाचताना हे क्रमांक ध्यानात ठेवावेत: ५०० म्हणजे सोडियमचे कार्बोनेट, ५०१ पोटॅशियमचे, ५०३ अमोनियमचे, ३४१ आणि ४५० ही फॉस्फेटे.

घरी काय करावे? इडली, डोसा, आंबोळी यांचे पीठ रात्रभर आंबू द्यावे. त्यातील सूक्ष्मजीव स्वतःच वायू निर्माण करतात. सोड्याची गरज उरत नाही. हरभरे मऊ व्हावेत म्हणून सोडा घालू नये, कारण त्याने ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो; रात्री भिजवून कुकरमध्ये शिजवलेले हरभरे पुरेसे मऊ होतात. सोडा घालायचाच झाला, तर तो मोजून घालावा, सोबत दही किंवा लिंबू असावे आणि त्या पदार्थातील मीठ तेवढे कमी करावे. आम्लपित्तासाठी रोज सोडा पिण्याची सवय असेल, तर तीही डॉक्टरांच्या कानावर घालावी.

ज्येष्ठांचा आवडता ढोकळा बंद करण्याचे कारण नाही. तो आंबवून करावा आणि ताटात समाधानाने वाढावा.