शोधा म्हणजे सापडेलच असे नाही

पूर्वी प्रबंधाचा विद्यार्थी येई आणि मान खाली घालून म्हणे, "सर, सगळा ग्रंथ वाचून व्हायचा आहे." आता तो ताठ मानेने सांगतो, "सर, हा शब्द ग्रंथात नाहीच. संगणकावर शोधून पाहिला." पहिल्या वाक्यात प्रामाणिक आळस होता. दुसऱ्यात सिद्धान्त आहे, आणि तो छापला जाऊन पुढच्या दहा प्रबंधांत उतरणार आहे! म्हणून, वाचकहो, फराळाचे दुसरे ताट येईपर्यंत या शोधाशोधीविषयी चार शब्द.

संगणकावर एक काळी चौकट उघडता येते. तिच्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. नुसता एक दांडा लुकलुकत असतो. तेथे आज्ञा टंकायची आणि उत्तराची वाट पाहायची. या आज्ञांतली सर्वांत नावाजलेली म्हणजे 'ग्रेप'. तिचे जन्मवृत्त मराठीच्या मास्तराला सुखावणारे आहे. अमेरिकेत १७८७-८८ साली तिघांनी 'पब्लियस' या एकाच टोपणनावाने राज्यघटनेच्या बाजूने ८५ निबंध लिहिले. त्यांतला कोणता कोणाचा, हा वाद पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. बेल प्रयोगशाळेतल्या ली मॅकमहॉन यांना शब्दांच्या लकबींवरून त्याचा छडा लावायचा होता. पण त्या वेळच्या संपादन-आज्ञेत एवढा मजकूर मावेना. तेव्हा केन थॉम्पसन या सहकाऱ्याने त्या आज्ञेतला नुसता शोधण्याचा भाग वेगळा काढून दिला. ही १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. म्हणजे 'ज्ञानदेव एक की दोन' या आपल्या वादाच्या जातकुळीतल्याच भांडणातून हे अवजार निघाले. हिशेबनिसांनी उगाच त्यावर हक्क सांगू नये.

ते चालते कसे, यासाठी उदाहरण घरचेच घेऊ. वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे. १९८० साली विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. छप्पर नाही, मूर्ती नाही. उघड्या आकाशाखाली उभ्या शिळांवर गीताईचे अठरा अध्याय कोरलेले आहेत. समजा, कोणी विचारले की यात 'कर्म' हा शब्द कोठे कोठे आला? पहिल्या शिळेपासून निघावे, प्रत्येक ओळ वाचावी आणि सापडले की टिपून घ्यावे. ग्रेप नेमके हेच करते. फरक इतकाच, की सातशे श्लोकांची प्रदक्षिणा ती पापणी लवायच्या आत पुरी करते. मात्र पुन्हा विचारले की पुन्हा पहिल्या शिळेपासून!

दुसरी रीत सूचीची. सगळे शब्द एकदाच सुटे करावेत, 'सॉर्ट' या आज्ञेने क्रमाने लावावेत आणि प्रत्येकापुढे अध्याय-श्लोकाचा पत्ता लिहावा. मग 'लुक' नावाची आज्ञा ती यादी आपण शब्दकोश उघडतो तशी मध्यावर उघडते, आणि शब्द अलीकडे की पलीकडे एवढेच पाहते. लाख शब्दांच्या यादीत फार तर सतरा वेळा डोकावले की काम झाले. एक गंमत सांगून ठेवतो. साध्या 'सॉर्ट'ला आपली वर्णमाला येत नाही. तिच्या हिशेबी 'ळ' हा 'ल'च्या मांडीला मांडी लावून बसतो, आणि शाळेत शेवटच्या बाकावर बसणारा 'क्ष' थेट 'क'च्या घरात शिरतो.

येथवर सारे गोड. पण मराठी शब्द हा शिळा नव्हे. प्रत्यय लागला की तो अंग बदलतो. 'डोळा' शोधलात तर 'डोळ्यांनी' सापडणार नाही. 'डोळ' एवढेच दिलेत तर दोन्ही सापडतील आणि पाठोपाठ 'डोळस'ही येईल. 'कर्म' मागावे तर 'अकर्म' आणि 'विकर्म' हात धरून येतात. विनोबा आणि त्यांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी गीताईचा कोश केला, तेव्हा शब्दाचे मूळ आणि अर्थ पाहणारा माणूस त्या कामावर बसला होता. ग्रेपला अक्षरे दिसतात. शब्द दिसत नाही.

आणि अक्षरे तरी धड दिसतात का? 'वऱ्हाड' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकीत खास वेगळा 'ऱ' असतो. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक सांधा. कागदावर दोन्ही जुळी भावंडे. आपण अक्षरे मोजतो तीन. यंत्र पहिल्यात सहा चिन्हे मोजते, दुसऱ्यात सात. एक शोधा, दुसरे सापडत नाही. आणि सापडले नाही की ग्रेप काही बोलतसुद्धा नाही. निमूटपणे पुन्हा तो दांडा लुकलुकू लागतो. त्या शांततेलाच आमचे विद्यार्थी संशोधन समजतात.

ग्रंथाला निदान एक लेखक, एक शुद्धलेखन असते. ओव्यांचे काय करायचे? १९८० नंतर पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडीच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टिपल्या. लाखाहून अधिक भरल्या. बर्नार बेल यांनी त्यांची संगणकावर नोंद-व्यवस्था उभारली, आणि २०१७ पासून त्या 'परी' या ग्रामीण संग्रहातून लोकांपुढे येऊ लागल्या. असे काम आमच्या भागात करणाऱ्याने आधीच सावध असावे, कारण वऱ्हाडी तोंडात 'डोळा' हा 'डोया' होतो आणि 'घराला' म्हणताना 'घराले' येते. पुस्तकी रूप शोधणाऱ्याला त्या बाईची ओवी कधीच सापडायची नाही. ती गायलीच नाही, असे कागदोपत्री ठरून जाईल.

याहून वाईट अवस्था १९९० नंतरच्या दशकातल्या छपाईच्या फायलींची. त्या काळच्या पुष्कळ मराठी टंकांत आत रोमन अक्षरे असत आणि वरून देवनागरीचा अंगरखा. तो टंक संगणकावर नसला की उरते नुसती अगम्य रोमन खिचडी. त्या काळच्या कितीतरी दिवाळी अंकांच्या फायली अशाच पडून असतील. रूपांतर करता येते, पण दर टंकाची किल्ली वेगळी.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक अट घातली आहे. 'नाही' असे लिहिण्यापूर्वी, असणारच असा एखादा शब्द आधी शोधून दाखवायचा. गेल्या सत्रात एकीने एका जुन्या संग्रहाच्या फायलीत 'आणि' शोधला. चारशे पानांत एकही 'आणि' निघाला नाही! तेव्हापासून ती त्या टंकाची किल्ली जुळवीत बसली आहे. परवापर्यंत ऐंशी पाने झाली होती.