सोमवारी कामावर जाणारी गाडी

‘हौस’ हा शब्द मराठीत अरबी ‘हवस’वरून फारसीच्या वाटेने आला. मुळातली वासनेची छटा मराठीने पुसट केली आणि तिच्या जागी एक प्रसन्न, काहीसा घरगुती अर्थ आणून बसवला. हौशी रंगभूमी, हौशी गायक, हौशी छायाचित्रकार हे शब्दप्रयोग आपण आदराने करतो. दिवसभर कारखान्यात राबून रात्री कामगार कल्याण केंद्रात तालीम करणारा नट आपल्याला सांस्कृतिक इतिहासाचा भाग वाटतो. त्याच कारखान्यातला एखादा तरुण रविवारी आपली रोजची मोटार मैदानावर घड्याळ लावून पळवू लागला, तर मात्र आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘थिल्लरपणा’. हा भेद आम्हांला तपासण्याजोगा वाटतो. रोज कामावर नेणाऱ्या गाडीत थोडक्या पैशांत फेरफार करून ऑटोक्रॉसला उतरणे हा हौशी वृत्तीचा अस्सल आविष्कार आहे, आणि त्याला समाजाने मैदान द्यायला हवे, असे आमचे मत आहे.

प्रथम हा खेळ काय आहे ते पाहू. ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या मैदानावर, डांबरी असो वा मुरमाचे, प्लास्टिकचे शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात. गाड्या एकमेकींशी भिडत नाहीत. एका वेळी एकच गाडी सुटते आणि तिची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजली जाते. शंकूला धक्का लागला तर दंडाचे सेकंद वाढतात. अमेरिकेतील ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ या १९४४ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नियमांत हा दंड एका शंकूला २ सेकंद आहे. वळणे इतकी जवळजवळ असतात की गाडी बराच वेळ दुसऱ्या गिअरमध्येच राहते. महामार्गावर कोणीही सहज गाठतो त्याहून येथील वेग कमी असतो. येथे कसोटी लागते ती गाडी किती पळते याची कमी, आणि ती कुठे आवरता येते याची अधिक.

हा विषय आम्हांला ज्या परिसरात सुचला, त्याचे नाव वाचकांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. कोरेगाव भीमा म्हटले की १ जानेवारी १८१८ ची लढाई, नदीपलीकडील विजयस्तंभ आणि १ जानेवारी २०१८ चा हिंसाचार आठवतो. ते आठवावेच. पण वर्षाचे उरलेले ३६४ दिवस हे गाव पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर जगते. वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव ही नावे आता गावांची जितकी आहेत तितकीच कंपन्यांच्या बसथांब्यांची आहेत. सणसवाडीत जॉन डिअरचे ट्रॅक्टर बनतात; शिक्रापूरवरून फुटणारा रस्ता चाकणच्या मोटार कारखान्यांकडे जातो; रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना आहे. ज्या तरुणांच्या हातांखालून दररोज वाहने आणि त्यांचे सुटे भाग जातात, त्यांच्या मनात वेगाविषयी कुतूहल नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

अमेरिकेत ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात, त्यांचा काळ साधारणपणे १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून मोजतात. मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरांचे अवाढव्य इंजिन बसवायचे आणि सरळ रस्त्यावर ती सोडायची, हे तिचे साधे सूत्र. अशी गाडी नाकाकडे जड असते. वळणावर पुढची चाके आपला हट्ट सोडत नाहीत, गाडी वळायची तिथे सरळ निघू पाहते. म्हणून अशी गाडी घेऊन शंकूंच्या वाटेवर उतरणारा हौशी चालक एका अर्थाने तिच्या स्वभावाविरुद्ध तिला वळण लावत असतो. आपल्याकडे त्या जातीच्या गाड्या रस्त्यावर कधीच रुळल्या नाहीत. परंतु तिचे एक धाकटे भावंड याच पट्ट्यात जन्मले. ऑक्टोबर २०१५ मध्ये फियाटने पुंटोची ‘अबार्थ’ ही आवृत्ती भारतात आणली. ती रांजणगावला तयार होत असे. १.४ लिटरचे टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि हे सगळे दहा लाखांच्या आतबाहेरच्या किमतीत. २०१९ मध्ये फियाटने भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणे थांबवले. आज ही गाडी जुन्या बाजारातच मिळते. तिच्यातही तोच स्वभावदोष आहे: ताकद सगळी पुढच्या चाकांवर, आणि तीच चाके वळायलाही हवीत.

अशी गाडी घेतलेल्या, पण पगारावर घर चालवणाऱ्या माणसाने ती मैदानासाठी कशी सिद्ध करावी? नवखा माणूस इंजिनापासून सुरुवात करू पाहतो. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, संगणकातली बदललेली आज्ञावली, रुंद चाके. जाणता मिस्त्री नेमका उलट क्रम सांगतो. आधी गाडी जशी कारखान्यातून बाहेर पडली तशी तरी आहे का ते पाहा. बूश गेले आहेत का, बॉल जॉइंट खुळखुळतो का, व्हील बेअरिंग वाजते का, बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधली आहे का, चाकांचे नट नीट आवळले आहेत का? मग डिकीतला आणि आसनाखालचा सगळा सुटा पसारा बाहेर काढा; याला एक पैसाही लागत नाही. त्यानंतर ब्रेक ऑइल बदला, कारण जुन्या ऑइलने हवेतली आर्द्रता शोषलेली असते आणि ब्रेक तापल्यावर ते उकळून पायाखालचा पेडल मऊ पडतो. मग ब्रेक पॅड. आणि खर्च करायचाच तर तो टायरवर करा, कारण इंजिन, ब्रेक आणि स्टिअरिंग या तिघांचेही जमिनीशी बोलणे त्या चार तळहाताएवढ्या तुकड्यांतूनच होते. गोटा झालेल्या टायरवर १४५ अश्वशक्ती वाया जाते.

यातली एक युक्ती आम्हां खडू वापरणाऱ्या मंडळींना विशेष आवडावी अशी आहे. डांबरी मैदानावर उतरण्यापूर्वी टायरच्या कडेवर, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, खडूने आडव्या रेघा ओढतात. एक फेरी झाली की त्या पाहायच्या. खडू भिंतीपर्यंत पुसला गेला असेल तर टायर वळणावर लवंडतो आहे, हवा वाढवा. कडेलाही जसाच्या तसा असेल तर हवा जास्त झाली आहे, थोडी कमी करा. दोन रुपयांच्या खडूने जे कळते ते पुष्कळदा महागड्या सुट्या भागांनी कळत नाही. यानंतर अलाइनमेंट, आणि पैसे उरलेच तर चांगले शॉकअप. इंजिनाची ताकद या यादीत सर्वांत शेवटी येते. ती वाढवण्याची पाळी आली नाही तरी काही बिघडत नाही, कारण पहिल्या वर्षी वेळेत जी सुधारणा होते ती बहुतेक चालकाच्या डोळ्यांत आणि पावलांत झालेली असते.

हा क्रम खर्चाने ठरलेला वाटतो. पण कायदाही बऱ्याच अंशी याच दिशेने बोट दाखवतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे सायलेन्सर बदलणारा, गाडी खाली बसवणारा, चाके बाहेर काढणारा माणूस सोमवारी कामावर जाताना गुन्हेगार ठरू शकतो. उलट नेमून दिलेल्या मापाचा उत्तम टायर, ब्रेक ऑइल, कंपनीच्या मापाचे पॅड, टायरमधली हवा, कंपनीने ठरवलेल्या मर्यादेतली अलाइनमेंट हे सगळे देखभालीतच मोडते. अमेरिकन क्लबच्या नियमांत ‘स्ट्रीट’ नावाचा जो वर्ग आहे, त्यातही इंजिन जवळपास जसेच्या तसे ठेवावे लागते आणि टायर रस्त्यावरचाच, ठरलेल्या टिकाऊपणाचा लागतो. रोजची गाडी रोजचीच राहावी, हा या खेळाचा पहिला नियम आहे.

आमच्या मते येथेच हौशीपणाचा गाभा आहे. मर्यादा ही येथे नाइलाजाने पत्करलेली गोष्ट नाही. ती खेळाचे रूप घडवते. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला मात्रांची जी शिस्त असते, तीच या चालकाला सोमवारची असते. गाडी मोडता कामा नये, कारण तीच उद्या शिक्रापूरच्या चौकातून न्यायची आहे. एवढे एक बंधन आवेगाला आकार देते.

हे रूप आपल्याला परके आहे असेही कोणी समजू नये. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत बैलगाडा पळतो तो घाटात, एका वेळी एक. पुढे घोडी, मागे बैलांच्या जोड्या, आणि प्रत्येक बारी सेकंदांत मोजलेली. साताऱ्या-सांगलीकडे गाड्या शेजारी-शेजारी पळतात. पुणे जिल्ह्यातला गाडा मात्र घड्याळाशी पळतो. ऑटोक्रॉसची सारी कल्पना या एका बारीत सामावलेली आहे. तिच्या अलीकडच्या इतिहासातून दोन धडे मिळतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आज गाड्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, जनावरांची तपासणी लागते. प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न त्याने पूर्ण मिटला असे आम्ही म्हणणार नाही. पण लोकांच्या हौशीला नियमांच्या चौकटीत आणता येते, हा पहिला धडा. दुसरा धडा सावधगिरीचा आहे. शर्यतीचा बैल आता नांगराला क्वचितच जुंपला जातो. त्याची किंमत लाखांत बोलली जाते आणि तो शर्यतीसाठीच पाळला जातो. कामाचा बैल आणि शर्यतीचा बैल वेगळे झाले त्या दिवशी सामान्य शेतकरी घाटाच्या कडेला प्रेक्षक होऊन उभा राहिला. मोटारींच्या खेळातही हेच होऊ शकते. ट्रेलरवरून येणारी खास गाडी मैदानात आली की रोजच्या गाडीवाला काठावर जातो. म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र वर्ग राखला पाहिजे.

आक्षेप येतील. हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, असे म्हटले जाईल. मोटार असणे ही आजही मोठी गोष्ट आहे हे खरेच. पण मैदान नसल्याने वेगाचा मोह संपत नाही, तो रस्त्यावर येतो. रात्री महामार्गावर लागणाऱ्या पैजा कोणाला ठाऊक नाहीत? कलम १८९ प्रमाणे राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. त्या पैजेची किंमत पुष्कळदा सायकलवरून पाळीहून परतणारा तिसराच कोणी चुकवतो. धोका पत्करणाऱ्यानेच तो सोसावा, इतरांवर लादू नये, एवढी नीती ऑटोक्रॉसमध्ये निश्चित आहे. चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरजवळचे कारी यांसारखी धावपट्टी त्याला लागत नाही. औद्योगिक वसाहतीतले रिकामे आवार, सुट्टीच्या दिवशीचा वाहनतळ, एखाद्या तंत्रनिकेतनाचे मैदान पुरते. जोडीला रीतसर परवानगी, राष्ट्रीय महासंघाचे नियम, हेल्मेट, रुग्णवाहिका आणि प्रेक्षकांसाठी दूरवर बांधलेला दोर.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी यात का पडावे, असाही प्रश्न विचारला जाईल. कारण हा भाषेचाही प्रश्न आहे. बैलाच्या अंगकाठीसाठी, चालीसाठी, शिंगांसाठी मराठीत जी शब्दसंपदा आहे ती आपल्या ग्रामीण साहित्याने जपली. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने (१९६६) कामगाराचे जग कवितेच्या मध्यभागी आणले. परंतु त्या कामगाराच्या नातवाचे गॅरेज आपल्या गद्यात फारसे आलेले नाही. ‘गाडी मिसिंग करते’, ‘ओढत नाही’, ‘पिकअप पडला’, ‘इंजिन खोलले आणि बांधले’ ही वाक्ये नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोज बोलली जातात. त्यांतले निम्मे शब्द इंग्रजी आहेत म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही; क्रियापदे अस्सल मराठी आहेत, आणि विचार क्रियापदांतच चालतो. यंत्राला ‘खोलणे’ आणि ‘बांधणे’ म्हणणारी भाषा यंत्राकडे परकेपणाने पाहत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने या शब्दांचा नुसता संग्रह जरी केला, तरी तो प्रबंध अनेक प्रबंधांहून उपयुक्त ठरेल.

शिरूर तालुक्यातील ग्रामपंचायती, औद्योगिक वसाहतींचे चालक आणि आमच्यासारखी महाविद्यालये यांनी मिळून वर्षातून दोन रविवार एक मैदान मोकळे करावे, एवढीच आमची मागणी आहे. जी पोरे आठवडाभर इतरांच्या गाड्या जुळवतात, त्यांनी दोन दिवस आपली गाडी शंकूंमधून फिरवावी, घड्याळाकडे पाहावे, खडूच्या रेघा वाचाव्यात. आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने, वेगमर्यादा पाळून, पहिल्या पाळीला वेळेवर पोहोचावे.