रडारच्या लहरी 'गिळणारा' पदार्थ कसा बनतो? आणि मोबाइलवरच्या स्टिकरचं काय?

जामखेडहून सुमारे 75 किलोमीटरवर, अहिल्यानगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. वाहनातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकमेकींच्या कामात अडथळा आणतात का, हे तपासण्याची सोय तिथे आहे. अशा चाचण्यांच्या खोल्यांमध्ये भिंतींवर फोमचे टोकदार पिरॅमिड लावतात. त्यांचं काम एकच: आदळलेली विद्युतचुंबकीय लहर परत येऊ द्यायची नाही.

मग धातूचा पत्रा का नाही?
पत्रा लहर अडवतो, संपवत नाही. ती उलटून दुसरीकडे जाते. विमान रडारवर दिसतं तेही अशा परतलेल्या लहरींमुळेच. शोषक पदार्थ मात्र लहर आत घेतो आणि तिच्या ऊर्जेचं उष्णतेत रूपांतर करतो.

तो बनतो कसा?
रबर, इपॉक्सी किंवा फोममध्ये कार्बन किंवा फेराइटची पूड मिसळून. हाच संमिश्र पदार्थ, म्हणजे कंपोझिट.

अडचण कुठे आहे?
प्रमाणात. कार्बन कमी पडला तर लहर आरपार जाते. जास्त झाला तर पदार्थ धातूसारखा वागतो आणि लहर पृष्ठभागावरूनच परतते.

दुसरा प्रश्न जाडीचा. 10 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 3 सेंटीमीटर, तर 1 गिगाहर्ट्झच्या लहरीची 30 सेंटीमीटर असते. लहर जितकी लांब, तितका थर सहसा जाड लागतो. खोलीच्या भिंतीला ते चालतं, विमानाला नाही. म्हणूनच पातळ, हलका आणि अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारा पदार्थ शोधण्याची धडपड सुरू आहे. आयआयटी कानपूरने नोव्हेंबर 2024 मध्ये सादर केलेली 'अनालक्ष्य' ही मेटामटेरियल प्रणाली याच प्रयत्नांपैकी एक.

मोबाइलचं 'रेडिएशन शोषणारं' स्टिकर घ्यावं का?
फोन टॉवरशी बोलतो तो याच लहरींमधून. स्टिकरने त्या खरोखर शोषल्या तर सिग्नल कमजोर होईल आणि टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन आणखी जोर लावेल. सिग्नलवर काहीच परिणाम झाला नाही, तर स्टिकरने फारसं काही शोषलेलंच नाही. दोन्हीकडून पैसे वाया.

शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेसाठी भारतात मोबाइलला किलोमागे 1.6 वॅटची मर्यादा आहे. शोषणाच्या या दराला एसएआर म्हणतात. आपल्या फोनचा आकडा पाहायला *#07# डायल करा. त्याला पैसे पडत नाहीत.